हिकमत : पाणचक्की, बादशाहाचा गाडा आणि एसीचा कॉम्प्रेसर

मराठीत 'हिकमत' हा शब्द आता कुणालाच परका वाटत नाही. 'माणूस मोठा हिकमती आहे' असे आपल्याकडे ज्याच्याविषयी बोलतात तो बहुधा फार शिकलेला नसतो. पण बंद पडलेली मोटार तो तारेच्या तुकड्यावर चालू करतो, विहिरीत पडलेली बादली काढायला जुन्या सळईचा गळ करतो. उर्दूच्या वर्गात हाच शब्द मी वेगळ्या अर्थाने शिकवतो. तिथे हिकमत म्हणजे शहाणपण, तत्त्वज्ञान, युनानी वैद्यकसुद्धा; हकीम हा त्याच धातूपासून आलेला शब्द. अरबीतून फारसीत, फारसीतून दख्खनीत आणि मराठीत येता येता हा शब्द डोक्यातून हातात उतरला. काही उर्दूवाले मित्र याला अर्थाची घसरण म्हणतात. मला तसे वाटत नाही. दोन्ही भाषा शिकवून पोट भरणारा माणूस म्हणून माझे मत असे, की मराठीने या शब्दाला काम दिले.

आज अशाच एका कामाविषयी लिहायचे आहे. सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला गॅरेजे आहेत. त्यांतले एक माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि एका उस्तादाच्या हाताखाली पाने-पक्कड उचलायला गेला. त्याच्याकडे एक जुनी जीप आहे, एके काळी एसी असलेली. एसीतला गॅस केव्हाच उडून गेला होता, पुढची जाळी सडली होती. पण इंजिनाला पट्ट्याने जोडलेला कॉम्प्रेसर मात्र धडधाकट होता. त्याने तो काढून भंगारात दिला नाही. गारव्याच्या नोकरीवरून त्याची बदली केली आणि त्याला हवा भरायच्या कामाला लावले. आता जीप जिथे जाईल तिथे हवेची सोय तिच्याबरोबर जाते.

शहरातल्या वाचकाला यात काय मोठे, असे वाटेल. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते. पण आमच्या तालुक्यात मका, कापूस आणि मिरची पिकते, आणि ट्रॅक्टर बसतो तो पंपावर नाही, रानात. मागचे टायर माणसाच्या छातीएवढे, वजन वाढवण्यासाठी कित्येकदा त्यात पाणीही भरलेले. ते काढून गावात आणायचे म्हणजे दुसरा ट्रॅक्टर, चार माणसे आणि अर्धा दिवस. त्यात दाब फार लागत नाही. ट्रकच्या टायरला शंभर पीएसआयच्या वर दाब लागतो, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला साधारण बारा ते सोळाच पुरतो. पण पोट एवढे मोठे, की सायकलच्या पंपाने भरायला बसलात तर संध्याकाळ होईल. इथे जोर कमी पण हवा भरपूर लागते, आणि इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर नेमके तेच देतो. वाफसा आलेला असताना, पेरणीच्या दिवशी, या अर्ध्या दिवसाची किंमत शेतकऱ्यालाच विचारावी.

आता हे यंत्र नेमके काय करते ते पाहू. एसीचा कॉम्प्रेसर स्वतः काही थंड करत नाही. तो एका बाजूने कमी दाबाचा वायू ओढतो आणि दुसऱ्या बाजूने जास्त दाबाने ढकलतो. थंडावा पुढच्या नळ्यांत तयार होतो. दाबलेला वायू आधी उष्णता बाहेर टाकून द्रव होतो आणि मग फुलताना गाडीतली उष्णता शोषून घेतो. म्हणजे कॉम्प्रेसर हा खरे तर पंपच. त्याच्या ओढणाऱ्या तोंडाला गॅसऐवजी गाळणी लावून मोकळी हवा दिली आणि ढकलणाऱ्या तोंडाला टाकी जोडली, की झाले हवेचे यंत्र. पुढच्या पुलीत विजेवर चालणारा क्लच असतोच, त्यामुळे हवे तेव्हा चालू, नको तेव्हा बंद. टाकीत दाब पुरेसा झाला की क्लचचा करंट तोडणारा प्रेशर स्विच, हवा उलटी येऊ नये म्हणून एनआरव्ही, स्विच फसला तर जादा हवा सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, दाब दाखवणारे गेज आणि तळाला पाणी काढायची तोटी. ऐकायला सोपे आहे.

अडचण तेलाची आहे, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली खरी हिकमत तिथेच आहे. एसीचे चक्र बंदिस्त असते. कॉम्प्रेसरच्या पिस्टनांना लागणारे तेल गॅसबरोबर नळ्यांतून फिरते आणि गॅसबरोबरच परत येते. तुम्ही चक्र तोडून मोकळी हवा दिली, की तेल हवेबरोबर बाहेर निघून जाते आणि परतीची वाट उरत नाही. काही दिवस यंत्र छान चालते, मालक खूश होतो, आणि एक दिवस कोरडे पडून ते जाम होते. शिवाय आजच्या गाड्यांतले एसीचे तेल हवेतला ओलावा शोषून घेणारे असते. बंदिस्त चक्रात ओलावा येतच नाही, म्हणून तिथे ते चालून जाते. पावसाळ्यातल्या मोकळ्या हवेत त्याचे काय होणार?

अमेरिकेत हौशी जीपवाल्यांनी यावर एक तयार उत्तर शोधले. १९६० पासून ८० च्या दशकापर्यंत तिकडच्या अनेक गाड्यांत यॉर्क नावाचा दोन सिलिंडरांचा कॉम्प्रेसर येत असे. त्याच्या पोटात इंजिनासारखा तेलाचा स्वतःचा साठा असतो. त्यामुळे भंगारातून यॉर्क शोधून आणायचा आणि गाडीवर चढवायचा, ही तिकडे एक परंपराच झाली. सिल्लोडला यॉर्क कुठून येणार? आपल्याकडे मारुती १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली, गाड्यांच्या एसीचे कारखाने त्यानंतर फोफावले. तोवर जगभर छोटे, फिरत्या तिरक्या चकतीवर पाच-सात पिस्टन हलवणारे कॉम्प्रेसर आले होते. त्यांच्या पोटात असा साठा नसतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्याने आत जाणाऱ्या हवेच्या नळीत थेंब थेंब तेल सोडणारी छोटी वाटी बसवली आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेत तेल अडवणारे एक भांडे. भांड्यात साठलेले तेल दर थोड्या दिवसांनी तो पाहतो, काळे झाले असेल तर फेकतो. पहिली नळी तांब्याची, कारण दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचे टोक गरम लागते ते ज्याने हात लावून पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. रबरी नळी तो पुढे, हवा निवल्यावर जोडतो.

इतिहासाच्या लेखात हे सगळे कशाला, असे कुणी विचारेल. एका कामासाठी केलेल्या रचनेकडून दुसरे काम करून घेणे ही आपल्या भागातली जुनी सवय आहे, आणि तिचा सर्वांत देखणा पुरावा सिल्लोडपासून साधारण पासष्ट किलोमीटरवर उभा आहे. पाणचक्की. शाळेची सहल तिथे जाते, मुले हौदातले मासे पाहतात, बाहेर आईस्क्रीम खातात आणि परत येतात. मार्गदर्शक सांगतो की पाण्यावर जाते फिरायचे. ते खरेच आहे. पण पाणचक्कीची खरी गंमत जात्यात नाही, हौदाच्या खाली आहे.

बाबा शाह मुसाफिर हे मध्य आशियातून आलेले नक्शबंदी सूफी. त्यांच्या दर्ग्याच्या परिसरात १७४४ च्या सुमारास निजामाच्या पदरचा सरदार तुर्कताज खान याने ही चक्की उभारली. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी काही किलोमीटर लांबून मातीच्या नळांतून शहरापर्यंत आणले. वाटेत बांधलेल्या उंच खांबांतून पाणी वर चढते आणि पुन्हा उतरते. बंद नळाच्या उंचवट्याला हवा अडकून बसली की पाण्याचा रस्ता अडतो. त्यामुळे पाणी वाहवायचे तर हवेचा बंदोबस्त आधी करावा लागतो. नळाचे काम केलेल्या कुठल्याही प्लंबरला हे ठाऊक असते. शेवटी पाणी उंचावरून हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरत असे आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी, सैनिकांसाठी पीठ दळले जाई.

आणि हौद? त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचे छप्पर आहे. जाड खांबांवर उभे असलेले ते दालन यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी होते. डोक्यावर सतत वाहते पाणी, त्यामुळे मे महिन्यातही खाली गारवा. म्हणजे एकच पाणी दळत होते, तहान भागवत होते आणि खोली थंड करत होते. विजेचे एक बटणसुद्धा न दाबता. त्या काळच्या बांधणाऱ्याला आजच्या अर्थाने 'यंत्र एक, कामे अनेक' असे काही सिद्ध करायचे नव्हते. डोंगरातून एवढ्या कष्टाने आणलेले पाणी एकाच कामावर उधळायचे नाही, एवढा हिशेब त्याच्याकडे होता. मराठवाड्यात पाण्याचा हिशेब असाच करावा लागतो. याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी, १६१० मध्ये खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरनेही तोच केला. त्याची नहर-ए-अंबरी आजही अभ्यासाचा विषय आहे.

पाणचक्की जागची हलत नाही. चालत्या गाडीकडून दुसरे काम करून घ्यायची कल्पना त्याहून जुनी आहे आणि तिचा धागा दख्खनशी जुळतो. मीर फतहुल्लाह शिराजी हे नाव शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येते आणि जाते. इराणच्या शिराजचा हा विद्वान विजापूरला अली आदिलशाह पहिला याच्या दरबारात आला. १५८० मध्ये आदिलशाह मारला गेला आणि त्यानंतर काही वर्षांतच, १५८३ च्या आसपास, शिराजी अकबराकडे गेला. १५८४ चे इलाही कॅलेंडर त्याच्या हातचे. महसुलाच्या हिशेबात त्याने सुधारणा केल्या. १५८९ मध्ये तो काश्मिरात वारला.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त एका गाड्याचे वर्णन केले आहे. प्रवासाला, ओझे वाहायला वापरायचा तो गाडा चालता चालता धान्यही दळत असे. चाके फिरतात, तर त्या फिरण्यातला थोडा जोर जात्याकडे वळवायचा. आमच्या जीपमध्ये इंजिनाचा थोडा जोर पट्ट्यावरून कॉम्प्रेसरकडे वळवला जातो, तत्त्व तेच. त्याच ग्रंथात बंदुकांच्या सोळा नळ्या एका वेळी साफ करणारे, बैलाने फिरवायचे चाकही आहे. अबुल फजल या शोधांचे श्रेय सरळ बादशाहाला देतो. दुसरा इतिहासकार निजामुद्दीन अहमद मात्र 'तबकात-ए-अकबरी'त गाड्यावरची चक्की शिराजीच्या नावावर लिहितो. अकबराला कारखान्यात रमायची, हाताने काम करायची आवड होती, हे अनेकांनी नोंदवले आहे, त्यामुळे कल्पना दोघांच्या बोलण्यातून निघाली असेल. मला त्या भांडणात पडायचे नाही. मला तिसऱ्याची आठवण येते. तो गाडा बादशाहाने पाहिला, शिराजीने कागदावर आखला असेल. पण दाते तासले कुणी? आसाला जाते बसवताना पहिल्यांदा लाकूड फाटले असेल, ते कुणी बदलले? तो सुतार आणि तो लोहार दोन्ही ग्रंथांत नाहीत.

इथे आमच्या समाजातल्या एका सवयीविषयी बोलले पाहिजे. व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याला एक संदेश फिरतो : अमुक शोध मुसलमानांनी लावला, तमुक यंत्र मुसलमानांनी केले. बगदादचे बनू मूसा, तीन भाऊ. त्यांनी नवव्या शतकात 'किताब अल-हियल' लिहिले आणि त्यात शंभराच्या आसपास करामती यंत्रे, झडपा, वक्रनळ्या मांडल्या. अल-जझरीने १२०६ मध्ये आपला ग्रंथ पुरा केला आणि त्यात समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचा, एक ओढत असताना दुसरा ढकलणारा पंप दाखवला. हे सगळे खरे आहे आणि अभिमान वाटावा असेच आहे. पण हा संदेश पुढे पाठवणारे गृहस्थ त्यांच्याच गल्लीतल्या मेकॅनिकला 'अरे ए' म्हणून हाक मारतात. अल-जझरी दरबारी होता तरी मुळात कारागीर होता. दुसऱ्याला ते यंत्र बनवता यावे म्हणून मापे, जोड, क्रम सगळे त्याने लिहून ठेवले. आपण त्याचे नाव घेतो आणि त्याची पद्धत सोडून देतो.

आणि शोध कुण्या एका धर्माची मालमत्ता नसतात, हेही सांगायला हवे. लोहाराचा भाता पाहा. वर उचलला की चामड्याची झडप उघडून हवा आत येते, दाबला की तीच झडप मिटते आणि हवा भट्टीकडे जाते. एनआरव्ही म्हणजे दुसरे काय? तो भाता आमच्याकडे घिसाडीही चालवतो आणि शिकलगारही धार लावतो. एक हिंदू, एक मुसलमान, आणि दोघांच्या हत्यारांची नावे अर्धी मराठी, अर्धी फारसी. ज्याला आपण मिस्त्री म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. कारागीर फारसी, दुरुस्तीतला 'दुरुस्त' फारसी, मरम्मत अरबी, पाना-पक्कड आपली. गॅरेजच्या भाषेची जात काढायला गेलात तर पहिला नटबोल्टसुद्धा सुटणार नाही.

एसीच्या कॉम्प्रेसरचा जन्मही एका वेगळ्याच कामासाठी झाला. दाबून द्रव केलेला वायू फुलवून थंडी तयार करण्याचे पेटंट जेकब पर्किन्सने १८३४ मध्ये इंग्लंडात घेतले. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी हवा थंड आणि कोरडी ठेवण्याची यंत्रणा आखली. माणसांच्या सुखासाठी नाही. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत, म्हणून. माणसाला गार वाटले ते नंतर, आणि ते या यंत्राचे दुसरे काम. गाडीत एसी आणला पॅकार्ड कंपनीने, १९४० च्या मॉडेलमध्ये. त्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा हाताने उतरवावा लागे. आपल्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ हसला.

त्याच दशकात, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सैन्याने 'डक' नावाची जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी सहा चाकी गाडी वापरली. तिच्यावरच कॉम्प्रेसर होता आणि पुढच्या मॉडेलांत चालकाला बसल्या जागेवरून टायरांतली हवा कमीजास्त करता येई. किनाऱ्याच्या वाळूत हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरते आणि रुतत नाही. पक्क्या रस्त्यावर आले की पुन्हा भरायची. आमच्या काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ही युक्ती कुणी शिकवायची गरज नाही. हवा सोडणे त्याला येतेच. पुन्हा भरायची कशी, हाच प्रश्न असतो.

मात्र आमच्या मेकॅनिकांनी ही कल्पना अमेरिकेकडून घेतली असे समजू नका. त्यांचा धडा ट्रकपासून सुरू झाला. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेचा ब्रेक आणला आणि पुढे तो जड वाहनांवर आला. एअर ब्रेकच्या ट्रकच्या इंजिनावर हवेचा कॉम्प्रेसर आणि चेसिसखाली हवेच्या टाक्या असतातच. जळगावकडे जाणारे ट्रक ढाब्यावर थांबायचे, आणि क्लीनर त्याच यंत्रणेला नळी लावून टायरात हवा मारायचा. हे पाहत पाहत पोरे मोठी झाली. ब्रेकसाठी केलेल्या हवेने टायर भरता येते, तर गारव्यासाठी केलेल्या यंत्राने हवा का करता येणार नाही, हा प्रश्न त्यांना आपोआप पडला.

मराठवाड्याला दाबलेल्या हवेची दुसरी ओळख झाली ती बोअरवेलच्या गाडीने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस युनिसेफने देशातल्या कठीण खडकांच्या भागांसाठी हवेच्या दाबावर चालणारे ड्रिल आणायला सुरुवात केली. १९७२ च्या दुष्काळानंतर तो आवाज आपल्याकडे गावोगाव ओळखीचा झाला. हातपंप मात्र टिकत नव्हते. तेव्हा टिकाऊ म्हणून ज्यांचे नाव झाले ते जालना पंप आणि सोलापूर पंप. त्याच अनुभवातून १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' घडला आणि तो पुढे आफ्रिकेपर्यंत पोचला. सोलापूर पंपाची हकीकत सांगताना एका स्वतःच शिकलेल्या भारतीय मेकॅनिकचा उल्लेख येतो. नाव न घेता. बादशाहाच्या गाड्यापासून इथवर चारशे वर्षे झाली आणि नोंदवहीतला तो रकाना तसाच रिकामा आहे.

हा रकाना मला खुपतो तो केवळ इतिहासाचा शिक्षक म्हणून नाही. इतिहास माझा विषयही नाही. वर्गात पोरांची भांडणे होतात. एकाने दुसऱ्याला काय शिवी द्यावी? 'पंक्चरवाला.' पूर्वी हा शब्द धंद्याचे नाव होता, आता तो समाजमाध्यमांवर एका अख्ख्या समाजाला मारायचा दगड झाला आहे. राजकीय भाषणांतही तो येतो, कधी कुचेष्टेने, कधी कळवळ्याने. कळवळ्याचाही मला त्रास होतो, कारण त्यातही गृहीत हेच की पंक्चर काढणे म्हणजे बुद्धीचे काम नाही. मुसलमान मोठ्या संख्येने स्वतःच्या छोट्या धंद्यांत आणि वाहनदुरुस्तीसारख्या कामांत का आहेत, हे न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात मांडले आहे. नोकऱ्यांत वाटा नाही, बँका कर्ज देत नाहीत, शाळा लवकर सुटते. ती कारणे दूर झालीच पाहिजेत. माझ्या वर्गातल्या मुलीने इंजिनिअर व्हावे, मुलाने वकील व्हावे, यासाठीच मी रोज उभा असतो. पण ज्याला शाळा सोडावी लागली त्याने पुढच्या पंधरा वर्षांत जे शिकून घेतले, ते आपण ज्ञान मानणार की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आरक्षणाने किंवा कर्जाने मिळत नाही.

ज्ञान मानायचे तर त्याची कडक परीक्षाही घेतली पाहिजे. 'जुगाड' म्हणून टाळ्या पिटण्याने कारागिराचा मान वाढत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. जुगाडात माणसे मरतात. एसीत गॅस शिल्लक असेल तर नळी सैल करून तो हवेत सोडून देणे ही गॅरेजमधली नेहमीची गोष्ट. जुन्या गाड्यांतला आर-१२ वायू ओझोनचा थर खायचा, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने तो हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण एक किलो आर-१३४ए पृथ्वी तापवायला सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका पुरतो. तो यंत्राने ओढून बाटलीत भरून घ्यायचा असतो. दुसरे, या यंत्राच्या हवेत तेलाचा अंश राहतोच; ती टायरला चालते, विहिरीत उतरलेल्या माणसाला श्वासासाठी ती कधीही द्यायची नाही. तिसरी गोष्ट टाकी.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, तू बोल, मी लिहून घेतो. मराठीत लिहू, मग उर्दूत करू. त्याला आधी ते पटले नाही. 'सर, यह क्या लिखने की चीज है?' असे म्हणून तो जॅक शोधायला निघून गेला. चौथ्या-पाचव्या दिवशी बसला. मग त्याने जे सांगितले ते मी शंभर पानी वहीत उतरवले आहे. पट्टा सरळ रेषेत आहे की नाही हे नुसत्या नजरेने न बघता पट्टी लावून कसे बघायचे. गाळणी वर का लावायची, चाकाजवळ का नाही. तेल किती वेळात किती थेंब. क्लच वारंवार टिकटिक करू लागला तर दोष स्विचचा की गळतीचा, हे साबणाच्या पाण्याने कसे ओळखायचे. काही ठिकाणी त्याच्या शब्दासाठी मला मराठीत शब्द सापडला नाही, तिथे त्याचाच ठेवला. एक-दोनदा मी भाषा सुधारायला गेलो तर त्याने वाक्य वाचून दाखवायला लावले आणि म्हणाला, असे लिहिले तर पोरगा नट उलटा फिरवेल. ते वाक्य मी खोडले.

टाकीचे पान मात्र कोरे आहे. त्याने जीपला लावलेली टाकी भंगारात निघालेल्या ट्रकच्या ब्रेकची. बाहेरून रंग दिलेली, आतून किती गंजली आहे ते दिसत नाही. दाबलेल्या हवेत जोर साठलेला असतो. टाकी फुटली तर पत्र्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून तपासणी हवेने न करता पाण्याने करतात. टाकी पाण्याने पूर्ण भरून वापराच्या दाबापेक्षा जास्त दाब द्यायचा. पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी नुसती गळते, उडत नाही. मी त्याला म्हटले, हे एवढे तरी लिहून टाकू, बाकीचे नंतर. तो नको म्हणाला. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत असा टेस्ट करून मिळतो, त्याने चौकशी केली आहे. सोयाबीन, मक्याची गर्दी सरली की जाणार आहे. तोवर त्याने स्विच ऐंशी पीएसआयवर आणून ठेवला आहे आणि टाकीच्या बाजूला कुणाला बसू देत नाही.

'पहले टेस्ट करके लाता हूँ सर,' तो म्हणाला, 'फिर वो पन्ना लिखेंगे.'